रकाना पाचवा : किसन किती अंतरावर

आधी कबूल करा, मधे हसायचं नाही. हसताना चहा नाकातून आला तर मी जबाबदार नाही. आणि हे आमच्या किसनला सांगू नका... जाऊ द्या, त्याला सगळं ठाऊकच आहे. सगळ्या मावळाला ठाऊक आहे, तुम्हीच काय ते राहिलात.

तर गोष्ट माझ्या गाडीच्या एसीची. पण एसीची सांगायची तर आधी किसनची सांगावी लागते.

किसन माझा चुलतभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. परंदवडीत आमची घरं एकाच रस्त्याला, त्याचं आधी आणि माझं आत. म्हणजे मला कुठंही जायचं झालं तरी किसनच्या अंगणावरून जायचं, आणि यायचं झालं तरी त्याच्याच अंगणावरून यायचं. देवानं ही रचना मला छळायला मुद्दाम केलीय, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी जवळच्या कारखान्यात मेंटेनन्सला, इलेक्ट्रिशियन. मोटर जळाली, पॅनेल बंद पडलं की "सुभाषला बोलवा" असा पुकारा होतो. आणि किसन काय करतो? भात लावतो नि म्हशी धुतो. त्याच्याकडे एक जुनी गाडी आहे, तिघा-चौघांच्या हातांतून फिरून आलेली. त्या बाबानं जन्मात तिचं बॉनेट उघडलेलं नाही. मी एकदा विचारलं, "किसन, कूलंट कधी बदललंस?" तर म्हणतो कसा, "त्ये कुटं असतं?"

आणि त्या गाडीचा एसी! अहो, भर मे महिन्यात काचेवर बाहेरून दव धरतं. म्हातारी माणसं आत बसली की कानाला फडकं बांधतात. गावात कुणाला दवाखान्यात न्यायचं असू दे, स्टेशनावर सोडायचं असू दे, एकच बोली. "किसनची गाडी बोलवा, लय गार हाय."

आणि माझी गाडी? शोरूममधून आणलेली, कोरी करकरीत! दर रविवारी पुसतो, हवा बघतो, तेल बघतो. तिला कुत्रं विचारत नाही!

जळतो मी. सरळ सांगतो, त्यात लपवायचं काय? माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही जळला असता.

मग गेल्या दसऱ्याला मी ठरवलं, किसनच्या गाडीत नसलेली एक तरी गोष्ट माझ्या गाडीत पाहिजे. आणला एक हॉर्न. साधासुधा नाही, पाच सुरांचा. दाबला की कोंबड्यासारखं आरवून वर लग्नातल्या बँडसारखं वाजवायचा. असला हॉर्न लावायला बंदी आहे म्हणतात. म्हणूनच तर पुढच्या जाळीच्या आत लपवून बसवला.

बसवला कुणी? मीच! आमच्यासारख्याला गॅरेज कशाला लागतंय? एक वायर जवळ सापडली तिथून घेतली, गिअरच्या शेजारी एक लाल बटन लावलं, झालं काम. पहिल्यांदा दाबला तर फ्यूज उडाला. मी हसलो. फ्यूज काढून टाकला आणि त्याच्या जागी आपोआप जोडला जाणारा ब्रेकर बसवला. तापला की तुटतो, गार झाला की आपला आपण जोडतो. पुन्हा म्हणून कटकट नाही!

हे लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

गर्दीत वाजवायला कंपनीचा साधा हॉर्न होताच. लाल बटन खास जागेसाठी. सकाळी कामावर जाताना किसनच्या अंगणाशी आलो की दाबायचं. संध्याकाळी परत येताना दाबायचं. आणि हॉर्न वाजला की किसन बाहेर यायचा! कधी हात पुसत, कधी डोक्यावरचा वैरणीचा भारा तसाच टाकून. मी आरशात बघायचो. हा आपला रस्त्यात उभा, माझ्या गाडीकडे एकटक बघत. मला असा आनंद व्हायचा म्हणून सांगू! म्हटलं, जळ लेका. आता तुझी पाळी.

हिवाळा असाच मजेत गेला. मार्चमध्ये ऊन तापलं, मी एसी लावला. आणि एसी रुसायला लागला.

रोज नाही हं! तीच तर खोड. चांगली गार हवा चालू असायची आणि एकाएकी गरम वाफ. पंखा फिरतोय, बटन चालू आहे, पण हवा चुलीपुढची. दहा-पंधरा मिनिटं घाम काढायचा आणि मग, जसं काही झालंच नाही, पुन्हा गार!

अशात आमच्या अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, टाकवे बुद्रुकला दिलेली. तिच्या पल्लवीचं लग्न ठरलं होतं, मुलगा लोणावळ्याचा, लग्नही लोणावळ्यालाच. टाकव्याहून नवरी घेऊन जायची. आणि आमच्यात नवरी मामाच्या गाडीतनं जाते.

अक्का म्हणाली, "सुभाष, पोरीला किसनच्या गाडीत बसवावी म्हन्ते."

माझ्या हातातला फोन पडायचाच बाकी होता. "अगं, सख्खा मामा मी इथं जिवंत उभा असताना?"

"आरं, पन त्याची गाडी गार हाय. पोरीला नटवायला पुन्याची बाई येनार. उन्हात समदं वघळलं तोंडावरनं, तर मंडपात कोन वळखंल तिला?"

"माझ्या गाडीला एसी नाही का?"

"हाय की. पन कवा असतो, कवा नसतो म्हनं."

"कोण म्हणतं?"

"समदीच म्हनत्यात."

बघा! बातमी टाकव्यापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, "अक्का, परवा बस्ता बांधायला जायचंय ना? मी येतो न्यायला. बस माझ्या गाडीत, मग ठरव."

बस्त्याच्या दिवशी अक्काला घेतली, पुढं बसवली. एसी असा गार, की कान्हे फाट्यापर्यंत अक्कानं पदर दोनदा अंगाभोवती लपेटून घेतला. म्हणाली, "गार हाय की रं!" मी खूश! म्हटलं जाता जाता घरी चहा घेऊ, मंदालाही घेऊ. मंदा म्हणजे आमच्या सौ. गाडी परंदवडीत शिरली. किसनचं अंगण आलं. आता तुम्हीच सांगा, अक्का माझ्या गाडीत पुढं बसलीय, हे किसनला कळायला नको? दाबलं लाल बटन.

किसन धावत बाहेर आला. अक्काला बघून त्यानं दोन्ही हात हलवले. मी थांबतोय कशाला!

घरी पाणी पिऊन, मंदाला घेऊन पुन्हा निघालो तर गाडीत वाफ. सोमाटण्यापर्यंत अक्काचं कुंकू नाकावर उतरलं.

"सुभाष, ही गाडी हाय का भट्टी?"

"अक्का, होईल आत्ता गार."

"कवा? पल्लवीच्या पोराचं बारसं जेवल्यावर?"

मागं मंदा हसायला लागली. बायको आपली असते असं म्हणतात ना, खोटं आहे ते.

आता माझी खरी कसोटी. नवरीची गाडी किसनची झाली असती तर मला जन्मभर लग्नाच्या फोटोत त्याचा बंपर बघावा लागला असता. मी रजा टाकली आणि सोमाटण्याच्या गॅरेजवाल्याकडे गाडी नेली. त्यानं गॅस तपासला, फुल. पट्टा तपासला, ताठ. जाळी धुतली, फिल्टर झाडला. तासभर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, एसी एकदाही बंद नाही!

म्हणाला, "साहेब, आमच्याकडं तुमची गाडी शहाण्यासारखी वागते. घरी काय होतं?"

"घरी किसन असतो," असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. मशीन मधेच बंद पडतं आणि कारण सापडत नाही, तेव्हा अंदाज करायचा नाही, तक्ता करायचा. प्रत्येक वेळची नोंद घ्यायची. कारण आपोआप वर येतं. या पद्धतीसाठी मला स्टेजवर बोलावून शाल दिली होती हो! मग मी एका पॅडला कागद लावला आणि रकाने आखले. तारीख. वेळ. वेग. गाडीत कोण. एवढे चार झाले आणि पेन थांबेना. पाचवा रकाना आखला, किसन किती अंतरावर.

पंधरवड्यात चौदा नोंदी झाल्या. 'चाळीस फूट.' 'पंचवीस फूट.' 'गोठ्याच्या दारात, अंदाजे साठ फूट, तोंड गाडीकडे.' चौदापैकी बारा वेळा किसन! राहिल्या दोन. एकदा सोमाटण्याच्या चौकात एसी गेला, तेव्हा आमचा फोरमन नव्या गाडीतून चालला होता. एकदा तळेगावात साडूच्या सोसायटीखाली गेला, साडूनं नुकताच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. दोन्ही ठिकाणी किसन नव्हता. तिथं मी लिहिलं, 'प्रत्यक्ष हजर नाही. मनाने असावा.'

मंदाला तक्ता दाखवला. म्हटलं, "बघ. किसनची नजर लागते गाडीला."

"अहो, तुम्ही इलेक्ट्रिशियन ना?"

"तक्ता बोलतोय, मी नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीठ, मोहरी आणि सात मिरच्या घेऊन बॉनेटवरून उतरवत होतो, तेवढ्यात किसन दूध घेऊन आला. "काय दादा, सर्व्हिसिंग चाललंय व्हय?" मी मिरच्या खिशात घातल्या. नंतर त्याच हातानं डोळा चोळला. ते जाऊ द्या.

मग शेवटची परीक्षा केली. आठवडाभर किसनच्या अंगणावरून गेलोच नाही. मागच्या पाणंदीनं, धुळी-दगडांतून, गाडी आपटत कामावर गेलो आणि आलो. आठ दिवस. एसी एकदा, एकदाही बंद पडला नाही!

सिद्ध झालं! आणखी काय पुरावा पाहिजे? मी अक्काला छातीठोक सांगितलं, "नवरी माझ्या गाडीत. पोरीच्या कपाळावर घामाचा थेंब आला तर मी मामा नाही."

अक्का म्हणाली, "बग हां. शब्द दिलास."

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला टाकव्यातनं निघालो. साडेबाराचा मुहूर्त. गाडीला झेंडूच्या माळा, मागं पल्लवी शालू नेसून, तिच्याशेजारी मंदा, पुढं माझ्याजवळ अक्का. मी किसनला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू पुढं हो. अर्धा किलोमीटर तरी पुढं. मागं बघायचं नाही."

"रस्ता मोकळा करायचा ना? कळलं दादा!" म्हणून तो खुशीत निघाला. लांब जायचं असलं की त्याची गाडी त्याची बायको संगीता चालवते, हा शेजारी बसतो. त्याचीही मला असूया वाटते, पण किती म्हणून सांगू.

कामशेत गेलं, कार्ला फाटा गेला. गाडीत काय गारवा! पल्लवी म्हणाली, "मामा, थंडी वाजतेय." अक्का माझ्याकडे बघून हसली. बहिणीचं ते हसणं... अहो, मला भरून आलं. किसनच्या गाडीत असं कुणी कुणाला म्हणालं असेल का? असेलच म्हणा.

वलवणला पोचलो आणि गाड्या थांबल्या. रविवार! अर्धी मुंबई नि अर्धं पुणं लोणावळ्याच्या रस्त्यावर आडवं पडलेलं. आणि अर्धा किलोमीटर पुढं गेलेला किसन आमच्यापुढं तीन गाड्यांवर अडकलेला. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, मागं बघितलं, आम्हाला ओळखलं आणि हात केला.

"बघतोय! मागं बघतोय!" मी ओरडलो.

"बगू दे की," अक्का म्हणाली.

बघू दे? एसी अजून चालू होता. त्याची नजर पुरती लागायच्या आत त्याचं तोंड पुढं वळवायला पाहिजे होतं. मी लाल बटन दाबलं. चांगलं लांबलचक.

आणि मिनिटभरात हवा गरम!

"बघा! बघा लागली!" मी स्टिअरिंगवर हात आपटला. तोवर किसन गाडीतून उतरून गाड्यांच्या मधून चालत आमच्या खिडकीशी.

"दादा, बोलावलंस?"

"नाही! जा तू! पुढं जा!"

तो गेला. बसताना पुन्हा वळून बघितलं. मी साधा हॉर्न दाबला. तो पुन्हा आला. "काय झालं दादा?" पुन्हा हाकलला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हातात पाण्याची बाटली आणि चार काकड्या. "पोरीला द्या. उकडत आसंल."

उकडत असेल? आत आंबेमोहोर शिजला असता! काच उघडावी तर धूर, लावावी तर वाफ. पल्लवीच्या कपाळावर पहिला थेंब उभा राहिला. मग दुसरा. मंदा रुमालानं टिपत होती, अक्का माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी सांगत नाही तुम्हाला.

"मामी, वारा घालायला काहीतरी द्या हो," पल्लवी म्हणाली. आणि तिनं आपल्याच हातानं पुढच्या सीटमागच्या खिशातून काढलं. काय काढलं?

माझं पॅड.

वारा घालता घालता ती थांबली. वाचायला लागली.

"मामा, हे काय? 'किसन किती अंतरावर'?"

खिडकीशी किसन. हातात काकड्या. मी म्हटलं, "ते कारखान्याचं आहे, दुसरा किसन आहे."

"'गोठ्याच्या दारात, तोंड गाडीकडे'?" ती वाचत होती. "'मनाने असावा'?"

आता कसलं लपवणं? सगळं बाहेर आलं. मी चिडलोच. म्हटलं, "हो! खोटं आहे का? बारा वेळा एसी बंद पडला आणि बारा वेळा हा रस्त्यात उभा! का उभा राहतो रे? का बघतोस माझ्या गाडीकडं?"

किसन खिडकीत वाकला. रागावला नाही हो तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"दादा," तो म्हणाला, "तू हारन वाजवतोस म्हनून मी भाईर येतो की रं. मला वाटायचं, चहाला थांबायचंय तुला. मी येस्तवर तू गेलेला आसायचास. मला वाटायचं मलाच उशीर होतोय. म्हनून मग पळत याया लागलो."

दसऱ्यापासून मे. इतके महिने तो माणूस वैरण टाकून चहाला पळत येत होता, आणि मी आरशात बघून म्हणत होतो, जळ लेका.

"थांबा," पल्लवी म्हणाली. पोरीचं डोकं भारी. "मामा, प्रत्येक वेळी हॉर्न वाजवला होतात?"

"वाजवला म्हणजे... किसनच्या दाराशी वाजवतोच."

"आणि त्या फोरमनला बघून?"

मी आरसा नीट करायला लागलो.

"आणि साडूभाऊंच्या फ्लॅटखाली?"

मंदाच बोलली, "चांगला दोनदा वाजवला होता."

तेवढ्यात, दैवाची कमाल बघा, एसी आपोआप सुरू झाला. गारेगार. पल्लवी म्हणाली, "आता वाजवा."

"कशाला पण..."

"वाजवा!" अक्का ओरडली.

मी दाबलं. कोंबडा आरवला, बँड वाजला. आणि हवा गरम.

तेव्हा माझ्या डोक्यात ती वायर पेटली हो. दसऱ्याची वायर! जवळ सापडली तिथून घेतलेली ती वायर एसीची होती. हॉर्न जादा करंट ओढायचा, ब्रेकर तापायचा, तुटायचा, एसी बंद. पाणंदीत हॉर्न ऐकायला चिटपाखरू नाही, म्हणून आठ दिवस एसी चालू! साधा फ्यूज ठेवला असता तर उडून गेला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण मी हुशार ना! मीच तो रोग जपून, झाकून, वर ब्रेकर लावून ठेवला होता. आणि तक्त्यात? तारीख होती, वेग होता, किसन होता. हॉर्नचा रकानाच नव्हता! परत द्यावी का ती शाल?

किसन म्हणाला, "म्हंजे हारन न्हाई वाजवला तर गार ऱ्हाईल ना? मंग झालं! तू फकस्त हात लावू नगंस त्याला."

"आणि रस्ता कसा काढायचा? साध्या हॉर्ननं कोण हलतंय? पावणेबारा वाजलेत!"

त्यानं काकड्या अक्काच्या मांडीवर ठेवल्या, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. आणि ओरडायला लागला. म्हशींना हाकायचा आवाज तो! "सरका! नवरी हाय मागं! ओ साहेब, कनीस मागनं खावा, गाडी घ्या बाजूला! ताई, फोटू नंतर! नवरीची गाडी हाय, माझ्या भाचीची!"

पहिल्यांदा बाजूला झाली ती संगीता. मग काय, गाड्या फाकायला लागल्या. भर उन्हात, उपरणं फिरवत, हा पुढं पळतोय आणि मागनं मी पहिल्या गिअरमध्ये. दहा मिनिटांनी एसी आला आणि नंतर गेला नाही. थेट मांडवाच्या दारापर्यंत पल्लवीच्या कपाळावर पुन्हा थेंब नाही. पाच सुरांचा हॉर्न लावून जे जमलं नाही, ते त्यानं एका उपरण्यानं केलं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पोचलो वेळेत. गुरुजींनी पुकारलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं." मी मागं बघितलं. किसन नळावर तोंड धूत होता. मी म्हटलं, "किसन, तू जा. आज तूच मामा."

तर म्हणतो, "न्हाई दादा, सख्खा तू. आन माझा सदरा बग की, समदा भिजलाय."

मग मीच घेऊन गेलो तिला. मामाचा मान मिळाला बरं का, पुरता मिळाला. पण जेवणाच्या पंगतीत जो तो विचारतोय, "ते पळत आलेले मामा कुठं आहेत? ते घामाघूम झालेले?" नवऱ्याच्या आईनं स्वतः जाऊन किसनच्या पानात जिलबी वाढली. मी शेजारीच बसलो होतो, कोरड्या सदऱ्यात. खरं सांगू? वाटलं, सदरा भिजवायची अक्कल मला का सुचली नाही?

दुसऱ्याच दिवशी हॉर्न काढला. एसी तेव्हापासून ठणठणीत. पल्लवी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मुद्दाम परंदवडीला आली आणि ते पॅड परत दिलं. म्हणाली, "मामा, तुमचा तक्ता बरोबर होता. फक्त तुम्ही चुकीचा रकाना वाचलात."

बघतो तर तिनं चौथ्या रकान्यात लाल पेनानं गोल केले होते. 'गाडीत कोण?' कधी 'मी आणि मंदा', कधी 'मी, अक्का', कधी नुसता 'मी'. किसन बारा ओळींत होता. मी चौदाच्या चौदा ओळींत.

हॉर्न किसननं मागून घेतला. दिला. त्यानं शहाण्यासारखा सोमाटण्याच्या गॅरेजातनं बसवून घेतला. आता रोज संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन कोंबडा वाजवतो, मी बाहेर येतो, आणि तो थांबतो. गाडी चालूच ठेवून उतरतो, चहा पितो, म्हशींच्या गप्पा मारतो. माणूस सोन्यासारखा आहे, मी आता कुणालाही सांगतो.

पण हॉर्न वाजवूनही त्याचा एसी चालूच राहतो हो! काचेला बाहेरून दव! मी ओट्यावर कप घेऊन बघत बसतो. काय करू, नजर हलतच नाही तिकडनं.

परवा मंदा आतून आली आणि तिनं माझं तोंड धरून दुसरीकडं वळवलं.

"अहो, असं टक लावून बघू नका. बंद पडेल बिचाऱ्याचा."